पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी : विजेच्या एककांचे तोंडी हिशोब

विहिरीवरच्या मोटारीच्या पाटीवर ५ एचपी, वीजबिलात मंजूर भार किलोवॅटमध्ये, शिवारातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) १०० केव्हीए, घरातल्या इन्व्हर्टरवर ९०० व्हीए, एसीवर दीड टन, आणि महिन्याच्या शेवटी पैसे मोजायचे ते युनिटचे. एकाच विजेची ही सहा मापं.

एककं बदलून देणारी ॲप फोनवर भरपूर आहेत. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट हे ती अचूक सांगतात. पण तीच मोटार लाइनमधून जवळपास ४.४ किलोवॅट ओढते आणि डीपीवर साडेपाच केव्हीएचा बोजा टाकते, हे सांगत नाहीत. प्रत्यक्षात गाडं अडतं ते इथेच. म्हणून गुणाकाराला बसण्याआधी समोरच्या आकड्याला दोन प्रश्न विचारा. हे माप कुठे घेतलं आहे : मोटारीच्या शाफ्टवर, की तिला जाणाऱ्या वायरवर? आणि हा वेग आहे की साठा?

ही दोन उत्तरं मिळाली की उरलेला हिशोब तोंडी होतो. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारे गुणक आपल्या जुन्या पाढ्यांतलेच निघतात : पाऊण, सव्वा, दीड आणि औट (साडेतीन). ज्यांना हे पाढे येत नाहीत त्यांचंही अडत नाही, पण ज्यांना येतात त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही.

पाऊणकी : एचपीचे किलोवॅट

वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल एवढं काम. हजार वॅटचा एक किलोवॅट. अश्वशक्ती हे त्याहून जुनं माप. जेम्स वॅटने आपली वाफेची इंजिनं खपवताना ‘हे किती घोड्यांचं काम करेल’ ते सांगण्यासाठी मिनिटाला ३३,००० फूट-पौंड ही अश्वशक्ती ठरवली. आजच्या मापात ती ७४५.७ वॅट भरते, व्यवहारात आपण ७४६ धरतो. पुढे १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने विद्युतशक्तीच्या एककाला त्याच वॅटचं नाव सुचवलं. म्हणजे आपण जी दोन मापं एकमेकांत बदलत बसतो, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे.

७४६ म्हणजे जवळपास साडेसातशे, अर्थात हजाराचा पाऊण हिस्सा. म्हणून एचपीला पाऊणने गुणलं की किलोवॅट येतात. पाच पाऊण पावणेचार. खरं उत्तर ३.७३, पाटीवर छापतात ३.७. तीन एचपीचे सव्वादोन, पाटीवर २.२. साडेसात एचपीचे साडेपाचच्या किंचित वर, पाटीवर ५.५. दहा एचपीचे साडेसात. उलट जायचं असेल तर किलोवॅटमध्ये त्याचाच तिसरा हिस्सा मिळवा : ३ किलोवॅट अधिक १, म्हणजे ४ एचपी.

गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘पीएस’ दिसतं. ती मेट्रिक अश्वशक्ती, ७३५.५ वॅटची. १०० पीएस म्हणजे ९८.६ एचपी. गाडी घेताना एवढ्याने काही बिघडत नाही.

आता पहिला प्रश्न. मोटारीच्या पाटीवरचा एचपी आणि त्याशेजारचा किलोवॅट, दोन्ही शाफ्टवरचे असतात. मोटार बाहेर जे काम देते त्याचं ते माप. आत जाणारी वीज त्याहून जास्तच असणार, कारण काही भाग वाइंडिंग तापवण्यात, काही बेअरिंगच्या घर्षणात जातो. पाटीवर कार्यक्षमता छापली असेल तर तिने भागा. ८५ टक्के असेल तर ३.७३ ÷ ०.८५ = ४.३९ किलोवॅट. बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारींची कार्यक्षमता याहून कमी असते, कारण अरुंद बोअरमध्ये मावण्यासाठी त्या बारीक आणि लांब बनवाव्या लागतात. एसी, पंखा, गीझर यांच्यावरचा वॅटचा आकडा मात्र बहुधा आत जाणाऱ्या विजेचा असतो, त्याला कार्यक्षमतेने भागायचं कारण नाही.

सवायकी : किलोवॅटचे केव्हीए

मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी जादा करंट लागतो. तो लाइनमधून येतो आणि परत जातो, काम काही करत नाही, पण वायर, स्टार्टर आणि ट्रान्सफॉर्मर मात्र त्यानेही तापतात. या बिनकामाच्या भागाचं माप केव्हीएआर, कामाच्या भागाचं किलोवॅट आणि दोन्ही धरून होणाऱ्या बोजाचं केव्हीए. त्यांची बेरीज साधी होत नाही, काटकोन त्रिकोणासारखी होते. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण आठवा. ४ किलोवॅट, ३ केव्हीएआर, तर बोजा ५ केव्हीए. चाराला पाचाने भागलं की ०.८, हाच पॉवर फॅक्टर.

पॉवर फॅक्टर ०.८ असला की केव्हीए हे किलोवॅटच्या सव्वापट होतात. उलट, केव्हीएतून पाचवा हिस्सा वजा केला की किलोवॅट. सोसायटीचा ६२.५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे ५० किलोवॅट, १२५ केव्हीएचा म्हणजे १००. डिझेल जनरेटरचं रेटिंग ०.८ पॉवर फॅक्टर धरूनच दिलेलं असतं, त्यामुळे तिथे सवायकी डोळे मिटून लावता येते. बाकी ठिकाणी पाटीवरचा पॉवर फॅक्टर पाहून लावा : हीटर, गीझर, इस्त्रीला तो १ असतो आणि तिथे किलोवॅट म्हणजेच केव्हीए.

दिडकी : एचपीचे अँपिअर

थ्री फेजचं सूत्र असं : वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. यातले व्होल्ट दोन फेजमधले, म्हणजे ४१५ (नव्या प्रमाणानुसार ४००). आपल्या पाच एचपीच्या मोटारीत ते घालून पाहू.

आत जाणारी वीज ४.३९ किलोवॅट
बोजा ४.३९ × सव्वा = ५.४९ केव्हीए
करंट ५,४९० ÷ (१.७३२ × ४१५) = ७.६ अँपिअर

पाचाची दिडकी साडेसात. थ्री फेज मोटारीला दर एचपीमागे साधारण दीड अँपिअर, हे वायरमन मंडळींचं जुनं गणित इथून येतं. सिंगल फेजला हा नियम लावू नका. तिथे १ एचपीला पाच ते सात अँपिअर सहज लागतात.

ही दिडकी पुऱ्या व्होल्टेजची आहे, हे विसरून मोटारी जळतात. हंगामात संध्याकाळी दोन फेजमध्ये ३५० व्होल्टच मिळत असतील तर पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, मोटार तेवढीच वीज मागते आणि व्होल्टेजची तूट करंट वाढवून भरून काढते. तोच हिशोब ३५० वर मांडला की ९ अँपिअर येतात. ‘रिले सारखा पडतो’ म्हणून ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटार बंद करणाऱ्या स्विचचा) काटा दहावर नेऊन ठेवणारे पुष्कळ आहेत. काटा पाटीवरच्या फुल लोड करंटवरच असावा. रिले पडत असेल तर तो आपलं काम करतो आहे.

घरातल्या सिंगल फेज साध्या उपकरणांना वॅट भागिले २३० एवढं पुरतं. २,००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा सॉकेट. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १,३८० वॅट. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी अडॉप्टर लावून छोट्या सॉकेटवर का चालवू नये, हे यातच आलं.

डीपीवर किती मोटारी?

वरचे तिन्ही पाढे एकत्र कुठे लागतात, तर इथे. ग्रामीण भागात २५, ६३ आणि १०० केव्हीएचे ट्रान्सफॉर्मर नेहमी दिसतात. १०० केव्हीएची डीपी ४३३ व्होल्टच्या बाजूला फेजमागे १३३ अँपिअर देऊ शकते, ६३ केव्हीएची ८४.

पाच एचपीची एक मोटार साडेपाच केव्हीएची. शंभराला साडेपाचाने भागलं तर अठरा मोटारी. ६३ च्या डीपीवर अकरा. हे झालं कागदावर, मोटारी खरोखर पाच एचपीच्या असतील तर. पाण्याची पातळी खाली गेली की लोक जुनी मोटार काढून साडेसातची टाकतात आणि मंजूर भार मात्र पाचचाच राहतो. अठरापैकी दहांनी असं केलं तर दहा मोटारींचे ८२ आणि उरलेल्या आठांचे ४४, असे एकूण १२६ केव्हीए होतात. डीपी शंभरचीच. मग ती जळते, पिकं वाळतात आणि बदली डीपी येईपर्यंत वाद घालत बसायचं. भांडण्याआधी सगळ्यांनी मिळून हा हिशोब एकदा मांडावा, असं माझं मत आहे. पाट्यांवरचे एचपी गोळा करा. प्रत्येक एचपीला १.१ केव्हीए धरा. बेरीज डीपीच्या आकड्याच्या वर गेली तर दुरुस्तीने काही होणार नाही, भार वाढवून मागावा लागेल.

वीज आली की आपोआप मोटार चालू करणारे ऑटो स्विच हा वेगळाच ताण. थेट चालू होणारी मोटार पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. अठराच्या अठरा एकाच क्षणी उठल्या तर काय होईल, त्याला पाढा लागत नाही. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं वर्षानुवर्षं सांगतं, ते यासाठी.

कपॅसिटरचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पाच एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावतात (तीनला १, साडेसातला ३). आपल्या मोटारीचे ४.३९ किलोवॅट आणि ३.२९ केव्हीएआर. कपॅसिटरने त्यातले २ जागेवरच पुरवले, लाइनमधून आणायचे उरले १.२९. ४.३९ चा वर्ग १९.२७, १.२९ चा १.६६, बेरीज २०.९३, वर्गमूळ ४.५७. बोजा साडेपाचवरून साधारण साडेचार केव्हीएवर आला, पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९६ वर गेला. शंभरच्या डीपीवर आता अठराऐवजी एकवीस मोटारी बसतात, तीही एक नवी तार न ओढता. एकट्याने लावून फारसं दिसत नाही. सगळ्यांनी लावला तर टोकाच्या मोटारीलाही व्होल्टेज मिळतं.

प्रत्यक्ष करंट पाहायचा तर वायरमनकडून टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं यंत्र) लावून घ्या. डीपीची पेटी स्वतः उघडायची नाही.

इन्व्हर्टर आणि बॅटरी

९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर ९०० वॅटचा मिक्सर चालेल असं वाटतं. पाचवा हिस्सा वजा केला की ७२० वॅट उरतात. कंपनी माहितीपत्रकात वॅटचा आकडा वेगळा देते, तो शोधून घ्यावा.

किती वेळ चालेल ते मात्र इन्व्हर्टरवर नाही, बॅटरीवर ठरतं. १५० एएच (अँपिअर-तास) × १२ व्होल्ट = १,८०० वॅट-तास, म्हणजे जेमतेम पावणेदोन युनिट. ३०० वॅटच्या भाराला कागदावर सहा तास. पण बॅटरीवरचे १५० एएच हे वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचे, म्हणजे साडेसात अँपिअरने. ३०० वॅटला १२ व्होल्टवर २५ अँपिअर लागतात. एवढ्या जोरात ओढलं की लेड-ॲसिड बॅटरी पुरी क्षमता देत नाही, वर इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. चार तास, फार तर साडेचार धरा. दुकानदार सहा सांगेल.

औटकी : एसीचे टन

औट म्हणजे साडेतीन. एसीचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं इंग्रजी माप), अर्थात ३.५१७ किलोवॅट. हे माप बर्फाच्या काळातलं : २,००० पौंडांचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी. दीड टनाला औटने गुणा, सव्वापाच किलोवॅट.

म्हणून दीड टनी एसी सव्वापाच किलोवॅट वीज खातो असं नाही. सव्वापाच ही खोलीतून बाहेर टाकलेल्या उष्णतेची गती. त्यासाठी लागणारी वीज कार्यक्षमतेवर ठरते. एक किलोवॅट विजेत साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकणारा एसी असेल तर औट औटाला कटतो आणि टनामागे एक किलोवॅट उरतो : दीड टनाला दीड किलोवॅट. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर याहून बराच खाली येतो. ‘दीड टन’ हे दुकानातलं ढोबळ नाव आहे. स्टार लेबलवर शीतनक्षमता वॅटमध्ये छापलेली असते, दोन एसींची तुलना त्या आकड्यावर करा.

युनिट, आणि मीटरचा लाल दिवा

आता दुसरा प्रश्न, वेग की साठा. किलोवॅट हा वेग, युनिट म्हणजे किलोवॅट-तास हा साठा. वेगाला तासांनी गुणल्याशिवाय युनिट होत नाही. ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा चालवला तर नऊ. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल किंवा सुमारे ८६० किलोकॅलरी.

कोणतं उपकरण किती वॅट घेतं ते मोजायला वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही, घरचा मीटर ते सांगतो. त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच लिहिलेलं असतं : युनिटला ३,२०० इम्पल्स. (काही मीटरवर १,६०० किंवा ६,४०० असतं, आपलं वाचून घ्या.) ३६ लाखाला ३,२०० ने भागलं की एका लुकलुकीचे १,१२५ जूल. म्हणून

वॅट = १,१२५ × लुकलुकींची संख्या ÷ सेकंद

बाकी सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा. कॉम्प्रेसर सुरू असताना ४५ सेकंदांत पाच लुकलुकी झाल्या तर १२५ वॅट. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणून मोजायला सुरुवात करायची, ‘एक’ म्हणून नाही. १,६०० च्या मीटरला १,१२५ च्या जागी २,२५० घ्या. हीच युक्ती रात्री सगळं बंद करूनही करावी. तेव्हाही दीड मिनिटाला एक लुकलुक होत असेल तर साडेबारा वॅट सतत जात आहेत, महिन्याला नऊ युनिट. सेट टॉप बॉक्स, चार्जर, राउटर यांत ते सापडतात. मेन स्विच बंद करूनही दिवा लुकलुकत असेल तर मेनच्या अलीकडून कुणीतरी किंवा काहीतरी वीज घेतं आहे. तेव्हा वायरमनला बोलवा.

बिलात ‘गुणक अवयव’ नावाचा एक रकाना असतो. घरगुती मीटरला तो १ असतो म्हणून कुणी पाहत नाही. मोठ्या सोसायट्या आणि कारखान्यांत करंट थेट मीटरमधून जात नाही, सीटीमधून (करंट ट्रान्सफॉर्मरमधून) कमी करून दिला जातो. २०० ला ५ ची सीटी असेल तर चाळीसपट कमी. मीटर ते स्वतः भरून काढत नसेल तर रीडिंगमधल्या फरकाला ४० ने गुणावं लागतं : ३१० चा फरक म्हणजे १२,४०० युनिट. मीटर किंवा सीटी बदलल्यावर पहिल्या बिलात हा रकाना आवर्जून पाहा. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची बिलं एप्रिल २०२० पासून किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर येतात. त्यांच्यासाठी पॉवर फॅक्टर म्हणजे थेट पैसे.

बातम्यांतले आकडेही याच चाळणीतून गाळा. मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट, गिगावॅट म्हणजे शंभर कोटी. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट, हा वेग. पूर्ण क्षमतेने एक तास चालवली तर १९ लाख ६० हजार युनिट, हा साठा. ‘रोज अमुक मेगावॅट वीज तयार होते’ असं छापलेलं दिसलं की लिहिणाऱ्याने या दोहोंत गल्लत केली आहे.

सौर पंप : एचपीवरून पॅनेल

सौर पॅनेलवरचा वॅट हा ‘पीक’ असतो, प्रयोगशाळेत पॅनेल २५ अंशांवर ठेवून, ठरलेल्या कडक प्रकाशात मोजलेला. मराठवाड्यातल्या उन्हात पॅनेल स्वतःच साठ अंशांपर्यंत तापतं आणि तेवढ्यानेच सातवा-आठवा हिस्सा गळतो. धूळ आणि तिरकं ऊन वेगळं. घराच्या छपरावर एका किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास धरावी, पावसाळ्यात कमी.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर ७.५ एचपीचा पंप मिळतो. पाच एचपीच्या पंपासोबत साधारण ४.८ किलोवॅटची पॅनेल येतात. पाऊणकीने तर पावणेचारच हवे होते, मग जास्त का? मोटारीतली गळती आणि पॅनेल तापल्याने होणारी घट त्यातून भरून काढायची असते. तरीही सकाळ-संध्याकाळी पुरेशी वीज मिळत नाही. तेव्हा कंट्रोलर मोटारीचा वेग उतरवतो आणि पाणी बारीक येतं. हा बिघाड नव्हे.

साहित्य शेतावर उतरवताना पॅनेल नुसती मोजू नका. ५४० वॅटची नऊ पॅनेल असली तर ४,८६० वॅट होतात, ३३५ ची चौदा असली तरीही ४,६९० च भरतात. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या पाटीवरचा वॅट वाचा, बेरीज करा आणि ती मंजुरीच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा. मगच सही करा.